गाडीतली म्हातारी

स्लाऊ
२४ नोव्हेंबर १९९१

ती. अनुराधाताईला मंजिरीचा सप्रेम जयभीम,

आधी सॉरी. स्पेलिंग खूप चुकणार आहेत आणि माझं टायपिंग इतकं स्लो आहे की काल सकाळी सुरू केलं आणि आज संध्याकाळी इथपर्यंत आले. विहारातला जुना मराठी टाइपरायटर पप्पांनी घरी आणलाय, एप्रिलच्या जयंतीची पत्रकं मी टाइप करायची म्हणून. म्हणाले, स्कूल सोडलंस, ट्रेनिंग सोडलंस, आता निदान हे तरी शीक. हा माझा पहिला मराठी पत्र आहे, हसू नको.

ट्रेनिंगचं तुला माहीत नसेल. सोळा झाल्यावर मी स्कूल सोडलं तर एका ऑफिसात शिकायला लावलं होतं. तिथे फोन वाजला की उचलायचा असायचा. मी उचलायचीच नाही, टॉयलेटमध्ये जाऊन उभी राहायची. थोड्या दिवसांनी त्यांनीच सांगितलं की येऊ नको. पप्पा ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं.

म्हणून आता मी घरी आणि आजी घरी. मम्मी आणि पप्पा दोघं ट्रेडिंग इस्टेटवरच्या फॅक्टरीत कामाला जातात, मग दिवसभर आम्ही दोघी आणि टीव्ही. पप्पांनी फेब्रुवारीच्या वर्ल्ड कपसाठी आत्तापासूनच डिश बसवलीय. आजीला त्यातलं एकच आवडतं. एक जर्मन चॅनल लागतो, त्यावर दुपारी एक कार्टून असतं. अमेरिकेतलं कुटुंब आहे, खूप जुन्या काळातलं. कापडाचं छप्पर असलेल्या घोडागाडीत सगळा संसार भरून ते नवी जमीन शोधायला निघालेत. दाढीवाला बाप, आई, दोन मुली. शेवटी नावं येतात ती जपानी अक्षरात. म्हणजे अमेरिकेची गोष्ट, काढली जपान्यांनी, बोलतात जर्मन आणि बघतो आपण. पप्पांना सांगितलं तर खूश झाले. म्हणाले जपानी लोक बौद्ध आहेत, बघू दे आईला. तेव्हापासून आजी मला विचारते, ही बाई बौद्ध आहे का गं, मग कुंकू नाही ते बरोबर आहे.

जर्मन मला येत नाही, आजीला तर नाहीच. मग मी मराठीत सांगते. ते तोंड हलवतात तेव्हा मी बोलते. बापाचा आवाज जाड काढते, घोड्याचंपण करते. तुला खोटं वाटेल, घरात एवढी बडबड करते मी. आजीने सगळ्यांना नावं ठेवलीत. आई ती सुप्रभाबाई, तुमच्या शेजारच्या, आणि धाकटी मुलगी शशी.

पहिल्याच आठवड्यात आजीने विचारलं, ह्या लेकरांची आजी कुठंय? मला काय माहीत. मी म्हणाले, गाडीत आहे, मागे गोधड्यांत झोपलीय, तिला थंडी सोसत नाही. आता फसले. रोज विचारते, म्हातारीला जेवायला दिलं का? नदी ओलांडताना तर उठूनच बसली, अरे हळू, म्हातारी आहे मागं! मी रोज सांगते, दिलं, खाल्लं तिने, झोपली परत.

आता मेन गोष्ट. आजीचा व्हिसा फेब्रुवारीपर्यंत आहे. तिला कायमचं ठेवून घ्यायला पप्पांनी अर्ज केलाय. जानेवारीत क्रॉयडनला व्हिसाच्या ऑफिसात इंटरव्ह्यू आहे. नियम असा आहे की इंडियात तिला सांभाळणारं जवळचं कोणी नसेल तरच राहू देतात. पप्पांनी लिहिलंय की विष्णूकाकांना जमत नाही. सॉरी, ते तुझे बाबा आहेत. पण ताई, तुमच्याकडे ती कशी राहायची? मी विचारलं की म्हणते, गप, बघ, गाडी निघाली.

ती गेली तर मी दिवसभर कोणाशी बोलणार मला माहीत नाही.

उत्तर पाठव, माया कमी करू नको.
तुझी मंजिरी


औरंगाबाद
१८ डिसेंबर १९९१

चि. मंजिरीस अनुराधाताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद,

तुझा पत्र मिळाला! चिडू नको गं. पत्र 'तो' नसतं, 'ते' असतं; पण तुझ्या तोंडी 'तो'च शोभतो. मी कपाटात जपून ठेवलंय. सुप्रभाबाईंना सांगितलं की तुम्ही अमेरिकेत घोडागाडी हाकताय, तर म्हणाल्या, मग इथलं नळाचं पाणी कोण भरतंय?

मी लायब्ररीत विचारलं. त्या गोष्टीच्या जुन्या कादंबऱ्या आहेत आणि मराठीत भाषांतरही झालंय. पहिले दोन भाग मिळाले, तिसरा कोणीतरी नेला तो परत आणलाच नाही. दोन रात्रीत वाचून काढले. पण मंजू, गाडीत म्हातारी नाही. पुस्तकात आजी आहे, पण ती दुसऱ्या पानावर कुंपणाशी उभी आहे. नातींच्या हातात कांद्याच्या बियांचं पुडकं देते, गाडी निघते, आणि पुढे दोन्ही भागांत तिचा उल्लेख नाही. मी पुन्हा चाळून पाहिलं. कोणाला तिची आठवणसुद्धा येत नाही. तू आजीला हे सांगू नको. तुझीच गोष्ट बरी आहे.

आता तू विचारलंस त्याचं. कसं लिहू कळत नाही, पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. आजोबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात आजीला खोकला झाला होता. आईला वाटलं टीबी असेल. तिने आजीचा कप, ताट आणि तांब्या वेगळा केला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं की टीबी नाही, साधा खोकला आहे. खोकला गेला. कप वेगळाच राहिला. मोरीच्या बाजूच्या फळीवर, कान तुटलेला. आजी स्वतः धुवायची, स्वतः ठेवायची.

आपल्या घरात, मंजू. लहानपणी मला आजीच सांगायची की कडूबा आजोबा गावातल्या हॉटेलात जायचे तेव्हा त्यांचा कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा, आणि ते चहा पिऊन तो धुवून परत टांगायचे. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा एवढा मोठा फोटो आहे आमच्या. त्याच्यासमोरून ती तो कप घेऊन जायची. बाबा पेपर वाचत असायचे. मी एकदा बोलले, तर आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि आजीच मला म्हणाली, तू मधे पडू नको.

आता तिची खोली बँकेतल्या एका मुलाला भाड्याने दिलीय. ती परत आली तर कुठे झोपेल, यावर घरात कोणी बोलत नाही.

हे तू काशीकाकांना, म्हणजे तुझ्या पप्पांना, सांगू नको. कोणालाच नको. दोघा भावांत कायमचं फाटेल. मला शब्द दे. माझं लग्न ठरलंय, नांदेडचे मोहन म्हणून आहेत, शाळेत शिक्षक. बुद्धपौर्णिमेनंतर लगेच. या घरात आता वादळ नको वाटतं. माझा स्वार्थ म्हण हवं तर.

आजीचे पाय चेपशील का एकदा माझ्यातर्फे? जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी ताई


स्लाऊ
२ फेब्रुवारी १९९२

ती. ताईला जयभीम,

काँग्रॅच्युलेशन्स. मोहनभावजी फोटोत छान दिसतात, फक्त स्वेटर पप्पांसारखा आहे.

मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे तुला दिलेला शब्द पाळला. पण आता मला वाटतं मी पाळायला नको होता. सगळं सांगते.

क्रॉयडनला आम्ही पहाटे निघालो, दोन ट्रेन बदलून. आजीने पप्पांचा कोट घातला होता, खाली नऊवारी आणि मम्मीचे बूट. सगळे बघत होते आणि ती सगळ्यांना नमस्कार करत होती. तिथे खूप मोठी लाइन. नंबर आल्यावर पप्पांना एका खोलीत नेलं आणि आजीला दुसऱ्या. वेगवेगळं विचारतात आणि मग जुळवून बघतात. आजी घाबरेल म्हणून मला तिच्याजवळ बसू दिलं, पण मध्ये बोलायचं नाही म्हणाले. मी मनात म्हटलं, त्याची काळजी नको.

प्रश्न विचारणारी बाई चांगली होती. आजीला पाणी दिलं, कोट काढायला मदत केली. मराठीचं कोणी नव्हतं म्हणून हिंदी बोलणारे एक अंकल होते. आजीला औरंगाबादची हिंदी येते ना. वय विचारलं, गाव विचारलं, आजोबा कधी गेले ते विचारलं. सगळं नीट सांगितलं तिने. मग विचारलं, इंडियात तुम्हाला कोण सांभाळायचं?

ताई, आजी एकदम सरळ बसली. म्हणाली, मेरा बडा बेटा है ना, विष्णू. बिजली ऑफिस में है. हथेली पे रखता मेरे को. बहू गरम गरम रोटी देती. अंकलनी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यात काही चूक नव्हती, मी ऐकलं. बाईने परत विचारलं, म्हणजे तिकडे गेलात तर ते बघतील तुम्हाला? आजी म्हणाली, क्यों नहीं? बेटा है. उसके सिवा कौन देखेगा?

बाई लिहीत होती. मला फळीवरचा तो कप दिसत होता, मी कधी बघितलापण नाही तरी. शेवटी बाईने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, तुला काही सांगायचंय का? चांगलं विचारलं. थांबली पण. आणि मी मान हलवली, नाही. तुझा शब्द होता म्हणून की मला फोन उचलता येत नाही तसंच, मला कळत नाही. तोंड उघडलं होतं मी. माझं आवाज आलंच नाही.

पप्पांनी दुसऱ्या खोलीत सांगितलं होतं की तिकडे तिला बघणारं कोणी नाही.

ट्रेनमध्ये पप्पांना कळलं. पप्पा कधी आजीवर ओरडत नाहीत. अख्ख्या डब्यासमोर ओरडले. आई, तुला सांगितलं होतं ना काय बोलायचं, घरी दहा वेळा बसवून शिकवलं होतं! आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, परक्या माणसापुढं पोराची बदनामी करू का रे? साहेब लोकांनी आपल्याबद्दल जन्मभर वाईटच लिहिलं. मी माझ्या तोंडानं त्यात भर घालू? उद्या तुझ्याबद्दल विचारलं तर तुझंपण चांगलंच सांगेन.

मग पप्पा दाराजवळ जाऊन उभे राहिले, स्लाऊ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने टीव्ही लावायला सांगितलं. गाडी एका मोकळ्या जागी थांबलीय, बाप लाकडं तोडून घर बांधतोय. आजी म्हणाली, म्हातारीला चुलीजवळ जागा ठेवायला सांग त्याला. मी सांगितलं, जाड आवाजात. ठेवतो म्हणाला.

ताई, मी काय करू सांग. रागावू नको, राग आला तरी पत्र पाठव.
मंजिरी


औरंगाबाद
२० फेब्रुवारी १९९२

चि. मंजूस जयभीम आणि आशीर्वाद,

रागावू कशाला? तुझ्या तोंडाला कुलूप मी घातलं आणि किल्ली पोस्टात टाकायची विसरले. सांगून टाक काशीकाकांना. मी लिहिलंय म्हणून सांग, माझं पत्र दाखव. शब्द परत घेतला.

आजीचं उत्तर वाचून मी हसले आणि मग जेवले नाही. गरम गरम रोटी! काल आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, इंग्लंडला काय म्हणतात म्हातारीबद्दल? मी म्हटलं, आजीने तिथल्या साहेबाला सांगितलं की सून गरम भाकरी देते. आई तव्याकडे बघत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, मग बरोबरच सांगितलं, उपाशी तर ठेवलं नव्हतं. पण भाकरी करपली.

लग्नाची गडबड सुरू आहे, तुझ्यासाठी हिरव्या बांगड्या घेतल्यात. निकाल लागला की कळव. चांगला लागो.

स्वतःला बोल लावू नको, एवढं माझं ऐक.
ताई


स्लाऊ
२९ मार्च १९९२

ती. ताईला जयभीम,

नाही म्हणाले. आजीला राहता येणार नाही. कारण लिहिलंय की तिला सांभाळणारा मुलगा इंडियात आहे आणि तो नीट सांभाळतो, असं तिने स्वतः सांगितलं. त्यांचं तरी काय चुकलं, ऐकलं तेच लिहिलं.

मी पप्पांना कपाचं सांगितलं. तुझं पत्र दिलं. ते वाचून गॅरेजमध्ये गेले आणि खूप वेळ आलेच नाहीत. मम्मी म्हणाली, जाऊ नको तिकडे. मग बाहेर आले आणि मला विचारलं, तुला क्रॉयडनला माहीत होतं? मी हो म्हणाले. ते म्हणाले, बरं. एवढंच.

अपील करता येतं. विहारातल्या ओळखीने हॅरोला एक वकीलबाई मिळाल्या, गुजराती आहेत, खूप पटपट बोलतात. त्या म्हणाल्या, मदर प्राइडमुळे तसं बोलली हे जज समजून घेईल, पण त्याला काहीतरी दाखवावं लागेल. थोरल्या मुलाने वकिलासमोर सही करून लिहून द्यावं, की मी आईला ठेवू शकत नाही. एवढं आलं तर केस होते. पप्पांनी काकांना लिहिलंय. तूपण बोल ना. ठेवू शकत नाही हे खरंच आहे, फक्त लिहायचंय.

कार्टूनमध्ये आता त्यांच्या दारात घोड्यांवरून माणसं आली. युनिफॉर्म होता, कागद होते. बाप टोपी काढून उभा राहिला. मी घाईघाईत सांगितलं की रस्ता चुकलेत, पाणी मागतायत. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळं सामान परत गाडीत. नवीन घर तसंच, दारसुद्धा ओढून घेतलं नाही. आजी म्हणाली, पाणी प्यायला आलेली माणसं घर सोडायला लावतात व्हय? पहिल्यांदा मी म्यूट. आजीच म्हणाली, सरकारची जमीन असंल. आणि म्हातारीला आधी बसव म्हणावं गाडीत, मागाहून जागा उरत नाही.

वाट बघते. तुझ्या मायेच्या भरवशावर आहे.
मंजिरी


औरंगाबाद
दि. १२ एप्रिल १९९२

चि. काशीनाथ यास विष्णूचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझे पत्र पोचले. मजकूर समजला. सर्व क्षेम आहे. चि. अनुराधाच्या लग्नाची तयारी ठीक चालू आहे. तुम्ही सर्वांनी यावे ही इच्छा आहे.

आईच्या बाबतीत तू जे लिहून मागतोस ते माझ्याने होणे नाही. मी आईला सांभाळत नाही असे वकिलापुढे सही करून देऊ? मी थोरला आहे. ऑफिसात, वस्तीत, विहारात मला मान आहे. त्या कागदाची उद्या नक्कल इथे आली तर पोरीच्या सासरचे काय म्हणतील? आईला ठेवणार नाही असे मी कधीही म्हटलेले नाही. ती आली तर दार उघडे आहे. जागेची थोडी अडचण आहे, ती कोणाला नसते?

तुला आईला ठेवून घ्यायची हौस आहे तर जरूर ठेव, माझी ना नाही. पण त्यासाठी माझ्या तोंडाला काळे फासू नको. सौ. यमुनाबाईंस जयभीम. चि. मंजिरीस आशीर्वाद. तिला पुढे शिकव.

तुझा दादा,
विष्णू


औरंगाबाद
१५ एप्रिल १९९२

चि. मंजूस,

जयभीमसुद्धा घाईत घे. बाबांचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. मी शेजारच्या खोलीत होते, ते लिहिताना मोठ्याने वाचत होते. मी जाऊन म्हटलं, बाबा, ठेवायचं नसेल तर लिहून द्या, आणि लिहून द्यायचं नसेल तर बँकेच्या पोराला खोली रिकामी करायला सांगा. दोन्हीतलं एक करा. ते म्हणाले, तुला लग्नाआधी फार बोलता यायला लागलं. आई म्हणाली, उद्यापासून बाहेर पडायचं नाही.

म्हणून बाहेर पडलेच. कॉलेजच्या मैत्रिणीचे वडील नोटरी आहेत. मी मुलगी म्हणून, नात म्हणून, डोळ्यांनी पाहिलेलं सगळं लिहून दिलंय. कप, फळी, खोली, सगळं. सही केली, शिक्का मारला. सोबत पाठवतेय. वकीलबाईंना विचार, बाबांच्या सहीऐवजी माझी चालते का. मोहनना सांगितलं नाही. सांगेन. कसं ते अजून माहीत नाही.

काल जयंतीची मिरवणूक दारावरून गेली. बाबा पुढे होते, फेटा बांधून.

पोचलं की कळव. माझ्यावरचा विश्वास ढळू देऊ नको.
ताई


स्लाऊ
१४ जून १९९२

सौ. अनुराधाताईला, नांदेडच्या नव्या पत्त्यावर, मंजिरीचा जयभीम,

सौ. लिहिताना कसंतरी वाटलं. लग्नाला आलो नाही, सॉरी. फोटो मिळाले. आई-बाबांच्या मधे तू उभी आहेस त्यात तू हसत नाहीस, असं मम्मी म्हणाली. मी म्हणाले, ताई फोटोत कधीच हसत नाही.

तुझ्या कागदाचं काय झालं ते फोनवर पप्पांनी अर्धंच सांगितलं. मी सांगते. वकीलबाई म्हणाल्या होत्या, हे चालेल, खूप चालेल. नातीने बापाविरुद्ध सही केलीय म्हणजे जज वाचेलच. मी तर त्या दिवशी टाइपरायटरवर नुसतंच आजी आजी आजी टाइप केलं. पण त्या म्हणाल्या, अपील आजीच्या नावाने आहे, तिला सगळं वाचून दाखवा, तिची संमती लागते.

पप्पांनी रविवारी जेवणानंतर वाचलं. इंग्लिशमधून मराठीत करत करत. कपापर्यंत आले आणि थांबले, मग वाचलं. आजी ऐकत होती. पूर्ण झाल्यावर विचारलं, हे कोण कोण वाचणार? पप्पा म्हणाले, जज, सरकारचा वकील, हिंदीवाला, अजून एकदोघं. आजी म्हणाली, नको.

पप्पांनी खूप समजावलं. मम्मीने पाय धरले, खरंच धरले. आजी म्हणाली, लोकांनी आपला कप वेगळा ठेवला तर त्यासाठी आपण भांडलो, सगळ्या दुनियेला ओरडून सांगितलं. आपल्याच सुनेनं ठेवला हे कुठल्या तोंडानं सांगू? हसतील रे. म्हणतील, ह्यांचंपण तसंच. मग म्हणाली, आणि अनूच्या सहीनं तिच्या बापाला कोर्टात उभं करू? हळद लागायचीय पोरीला. ह्याच्यापेक्षा मी जाते. विष्णूनं दार उघडं आहे म्हणून लिहिलंय ना, मग उघडंच असंल.

तुझा कागद तिने मागून घेतला. फाडला नाही. घडी घालून पप्पांच्या हातात दिला, म्हणाली, पोरीला सांग, ऐकून माझं पोट भरलं. मी तिथेच बसले होते. मला वाटलं आता बोलायचं, ह्या वेळी बोलायचं. बोलले पण. म्हणाले, आजी, मला तू पाहिजे. ती म्हणाली, मला माहीत आहे बाळा. आणि त्याने काहीच झालं नाही.

अपील मागे घेतलं. कार्टूनपण मे महिन्यात बंद झालं, त्या वेळेला आता टेनिस असतं. ते लोक कुठे पोचले कळलं नाही. आजी दोनतीन दिवस टेनिसच बघत बसली.

मंगळवारी हीथ्रोला सोडलं. पप्पा बॅगांचं वजन करत होते, मम्मी रडत होती. एअरलाइनची एक बाई व्हीलचेअर घेऊन आली आणि तिने विचारलं, हिच्याबद्दल काही सांगायचं असेल तर कोण सांगेल? मी सांगितलं. सगळं सांगितलं, न थांबता. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हिंदी थोडी समजते. काही हवंय का विचारलं तर ती नाहीच म्हणेल, पहिल्यांदा हो म्हणणं तिला बरं वाटत नाही, म्हणून दोनदा विचारा. प्लीज दोनदा विचारा, तिसऱ्यांदापण विचारा. बाई म्हणाली, ओके लव्ह, आणि खुर्ची वळवली. तिने पुढच्या माणसाला हे सांगितलं असेल की नाही माहीत नाही. बॉम्बेला उतरल्यावर तर नक्कीच कोणी सांगितलं नसेल.

आजीने वळून बघितलं नाही. खुर्चीत वळता येत नाही म्हणून असेल.

विष्णूकाकांचा फोन आला की पोचली, ठीक आहे. मी विचारलं कुठे झोपते, तर म्हणाले, अगं, घर तिचंच आहे. पप्पांनी फोन घेतला आणि पावसाबद्दल बोलले.

ताई, नांदेडहून औरंगाबाद किती लांब आहे? मॅपवर लांब वाटतं. नवीन लग्न झाल्यावर लगेच माहेरी जाऊ देत नाहीत ते मला माहीत आहे. तरी जाऊन ये. गेलीस की मला खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून नको.

मोहनभावजींना जयभीम. होती तेवढी माया राहू दे, जास्त नाही मागत.

तुझी
मंजिरी

ता. क. अगं, काल बाथ रोडवर साखरेची लॉरी उलटली. कोणाला लागलं नाही, पण अख्खा रस्ता पांढरा. पोलीस नको नको म्हणत होते आणि सगळी गल्ली भांडी घेऊन धावली, गोरे, पंजाबी, सगळे. मीपण पातेलं घेऊन गेले. भरून आणलं.